‘आजोबा, तू बस’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मुलांना मोठ्या माणसांशी आदराने बोलायला कसे शिकवावे, या विषयावर वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत असे गेल्या अंकात सुचवले होते. आलेल्या पत्रांतून काही निवडून, त्यांतील मजकूर थोडक्यात देऊन, येथे उत्तरे देत आहे. मी बरीच वर्षे शाळेत लहान वर्गांना मराठी शिकवले आणि घरी मुलीला वाढवले. जे काही सांगते आहे ते मुख्यतः त्या अनुभवातून. पत्रलेखकांची नावे जाणीवपूर्वक वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि तो सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतो. परवा माझ्या सासऱ्यांचे एक जुने स्नेही घरी आले, तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, ‘आजोबा, तू बस.’ पाहुणे हसले, पण सासऱ्यांना ते फार लागले. ‘पोराला काही वळण नाही,’ असे ते सर्वांसमोर म्हणाले. मी मुलाला तिथेच दटावले, तो रडला, आणि आता घरी कोणी आले की आत पळून जातो. माझे कुठे चुकले?

उत्तर : सगळ्यात आधी त्या खुर्चीकडे पाहू या. साडेचार वर्षांच्या मुलाने, कोणीही न सांगता, घरी आलेल्या वृद्ध माणसासाठी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना बसायला सांगितले. आदर त्याच्या वागण्यात होताच. कमी पडले ते क्रियापदाचे रूप. वळण आणि व्याकरण या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि व्याकरणाच्या चुकीबद्दल मुलाला वळणाच्या नावाने बोल लावतो. तुमचे फार मोठे काही चुकलेले नाही. मात्र सर्वांदेखत बोलणी खावी लागल्यामुळे ‘पाहुणे आले की माझे काहीतरी चुकते’ एवढेच त्याच्या मनात राहिले आहे, आणि ते पुसले जायला थोडे दिवस जातील.

तो सगळ्यांना ‘तू’ का म्हणतो, याचे कारण साधे आहे. मूल जन्मल्यापासून त्याच्याशी जो कोणी बोलतो तो ‘तू’ म्हणूनच बोलतो : ‘तू ये’, ‘तू झोप’, ‘तुला काय हवंय?’ त्याला स्वतःला उद्देशून ‘तुम्ही या’ असे कोणी कधी म्हणत नाही. ‘तुम्ही’ त्याला ऐकू येते ते मोठी माणसे आपसात बोलतात तेव्हा, म्हणजे जे बोलणे त्याच्यासाठी नसतेच त्यातून. ज्या घरात आईवडील एकमेकांना ‘तू’ म्हणतात, आजीआजोबा दूर राहतात आणि पाहुणे क्वचित येतात, त्या घरातल्या मुलाच्या कानावर ‘तुम्ही’ दिवसातून कितीदा पडत असेल, याचा एकदा अंदाज घेऊन पाहा. पुष्कळदा ते फोनवरच्या अर्ध्या संभाषणातून जेवढे ऐकू येते तेवढेच.

शिवाय ‘तुम्ही’ हा नुसता एक शब्द नाही. तो घातला की सगळे वाक्य बदलावे लागते; ‘ये’चे ‘या’ होते, ‘बस’चे ‘बसा’, ‘दे’चे ‘द्या’, ‘आलास’चे ‘आलात’, आणि ‘तुझा चष्मा’ हा ‘तुमचा चष्मा’ होतो. त्यातही ‘जा’, ‘खा’, ‘गा’ ही रूपे दोन्हीकडे सारखीच राहतात, त्यामुळे नियम शोधू पाहणाऱ्या मुलाचा गोंधळ आणखी वाढतो. समोर नसलेल्या माणसाविषयी बोलताना ‘आजोबा झोपला’ न म्हणता ‘आजोबा झोपले’ म्हणायचे, घरच्या आजीविषयी मात्र ‘आजी झोपली’ चालते, आणि शेजारच्या आजींविषयी पुन्हा ‘आजी झोपल्या’ म्हटलेले बरे वाटते. यामागचा नियम सांगा म्हटले तर मोठी माणसेही अडखळतील. म्हणूनच मुले मधल्या एका टप्प्यावर ‘तुम्ही बस’, ‘तुम्ही ये’ असे बोलू लागतात. वर्गात मी हे असंख्य वेळा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा आनंद झाला आहे, कारण मुलाला माणसामाणसांतला फरक कळला आहे, आता क्रियापद तेवढे मागून यायचे आहे, असा त्याचा अर्थ असतो. तुमचा मुलगा ज्या दिवशी ‘आजोबा, तुम्ही बस’ म्हणेल, त्या दिवशी त्याला हसू नका.

आता करायचे काय, तर चूक दाखवत न बसता तेच वाक्य बरोबर करून सहज पुढे बोलायचे. तो म्हणाला ‘आजोबा, तू बस’, की तुम्ही पाहुण्यांकडे पाहून म्हणावे, ‘बसा ना आजोबा, तुमच्यासाठीच त्यानं खुर्ची आणलीय.’ मुलाला योग्य रूप ऐकायला मिळते आणि पाहुण्यांना त्याचा भाव कळतो. दुसरा उपाय आपल्या घरांतल्या आज्या वर्षानुवर्षे करत आल्या आहेत : पाहुणे दारात असतानाच मुलाला ‘म्हण, या आजोबा’ असे हळूच सांगणे. पापुआ न्यू गिनीमधील कालुली लोकांत राहून मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या बांबी शिफलिन यांनी नोंदवले आहे की, तिथल्या आया अगदी लहान मुलांना आधी पूर्ण वाक्य म्हणून दाखवतात आणि त्याला ‘असे म्हण’ या अर्थाचा एक शब्द जोडतात, मग मूल ते वाक्य तिसऱ्या माणसाला उद्देशून म्हणते. आपले ‘म्हण’ नेमके तेच काम करते. फक्त मूल म्हणाले नाही तर विषय तिथेच सोडून द्यावा. ‘म्हण ना, म्हण की, तोंड दुखतं का?’ असा धोशा लावला की मुलाला पाहुण्यांचीच धास्ती वाटू लागते.

आणि एक काम सासऱ्यांकडे सोपवा, कारण ते त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. नातवाशी फोन-फोन किंवा दुकान-दुकान खेळताना त्यांनी त्याला ‘तुम्ही’ म्हणावे : ‘हॅलो, कोण बोलताय आपण? तुमच्याकडे पिशव्या आहेत का? मग दोन द्या बरं.’ खेळात का होईना, ‘तुम्ही’ स्वतःला उद्देशून ऐकले की त्याला उत्तर काय द्यायचे ते मुलाला आपोआप सुचते, आणि त्या पाहुण्यांसमोर दुखावलेले आजोबा-नातवाचे नातेही त्यातून सावरेल.

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी मला ‘ए बाबा, तू’ अशीच हाक मारते आणि मला ते आवडते. माझे मोठे भाऊ म्हणतात की आम्ही वडिलांपुढे मान वर करून बोललो नाही, आणि आज बापाला एकेरीत बोलणारी मुलगी उद्या कोणालाच मान देणार नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : तुमचे भाऊ स्वतःच्या आईला काय म्हणत होते, एवढे त्यांना विचारून पाहा. कितीतरी मराठी घरांत मुले आईला ‘ए आई, तू’ म्हणत आणि वडिलांना ‘अहो बाबा’. त्या मुलांच्या मनात आईविषयी आदर नव्हता असे कोणी म्हणणार नाही. संतांनीही विठ्ठलाला एकेरीतच हाक मारली. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की वडिलांना ‘अहो’ म्हणण्यात आदराबरोबर धाकही मिसळलेला असे, आणि आईला ‘तू’ म्हणण्यात जिव्हाळ्याबरोबरच तिचे घरातले दुय्यम स्थानही कुठेतरी डोकावत असे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० साली युरोपातील भाषांविषयी लिहिताना दाखवून दिले की ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची निवड दोन गोष्टींवर ठरते, एक म्हणजे सत्ता आणि दुसरी म्हणजे जवळीक, आणि काळाबरोबर सत्तेचे वजन कमी होऊन जवळिकीचे वाढत गेले. आपल्या घरांत वडील ‘अहो’वरून ‘अरे’वर आले ते याच वाटेने, आणि माझ्या मते मुलांच्या दृष्टीने ते चांगले झाले.

मुलगी सात वर्षांची आहे, म्हणजे माणसागणिक बोलणे बदलायचे तिला कळते. ती शिक्षिकांशी, शेजारच्या आजोबांशी कशी बोलते ते पाहा. तिथे ‘तुम्ही’ येत असेल तर काळजीचे कारण नाही. तुमच्या भावांना स्वतःला ‘अहो काका’ म्हटलेले हवे असेल, तर तो मात्र त्यांचा हक्क आहे आणि तो तिने पाळावा. तुमच्याशी बोलताना ‘तू’ राहू द्या, पण ‘ए बाबा, दे इकडे’ म्हणत हातातली वस्तू हिसकावणे आणि ‘बाबा, मला देतोस का?’ म्हणून थांबणे, या दोन्हींत ‘तू’च आहे, हे ध्यानात ठेवा. लक्ष द्यायचे ते या फरकाकडे.

प्रश्न : आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत. माझी मुले नऊ आणि सहा वर्षांची आहेत. शेजारच्या काकूंना ती ‘अहो काकू’ म्हणतात, पण या बाईंना ‘ए मावशी, माझी बाटली दे.’ इमारतीच्या रखवालदाराला तर नुसते ‘ए वॉचमन.’ मी समजावायला गेले तेव्हा मोठा म्हणाला, ‘पण आई, तू पण तसंच बोलतेस.’ मी गप्प झाले. आता सुरुवात कुठून करू?

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला हे पत्र सर्वांत मोलाचे वाटले, आणि त्याचे उत्तर देताना माझ्याच घरातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

माझी मुलगी चार वर्षांची असताना एका दुपारी बाहुल्या मांडून खेळत होती. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होते. एका बाहुलीला तिने उशीवर बसवले होते आणि तिच्याशी ती अगदी गोड, लांबवलेल्या आवाजात बोलत होती, ‘या ना, बसा ना, किती दिवसांनी आलात!’ दुसरी बाहुली जमिनीवर पालथी होती. तिच्याकडे न पाहताच मुलगी म्हणाली, ‘अगं, तिथं राहिलंय बघ, नीट पूस.’ आवाज वेगळा, मान वळवलेली, बोट कोपऱ्याकडे. तो आवाज माझा होता. शब्दही माझेच होते, त्याच दिवशी सकाळी मी ते वापरले होते. मी तिला कधीही ‘कामाच्या बाईंशी असे बोल’ असे शिकवले नव्हते. उलट ‘मोठ्यांशी नीट बोलावं’ असे रोज बजावत होते. त्या दुपारी माझ्या हातातली लाल शाईची लेखणी बराच वेळ तशीच राहिली.

आपण मुलांना वयाचा नियम सांगतो : जो मोठा, त्याला ‘अहो’. मुले मात्र घरात आणि रस्त्यावर दुसराच नियम चालताना पाहतात : ज्याच्याकडून आपल्याला उत्तर ऐकावे लागेल, त्याला ‘अहो’. पन्नाशीच्या बाईंना ‘तू’ आणि पंचविशीच्या डॉक्टरांना ‘तुम्ही’, हे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडते. मुले हुशार असतात, सांगितलेला नियम बाजूला ठेवून ती पाहिलेला नियम उचलतात. म्हणूनच तुमच्या मुलाने दिलेले उत्तर हे उद्धटपणाचे नव्हे, अचूक निरीक्षणाचे आहे. त्याला ‘तुझं बरोबर आहे, माझं चुकत होतं, मी बदलणार आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. सुरुवात इथूनच होते.

त्यानंतर घरातल्या सर्व मोठ्यांनी एकाच दिवसापासून बोलणे बदलावे, कारण आई ‘अहो मावशी’ म्हणते आणि बाबा ‘ए’ म्हणतात असे झाले, तर मुले सोयीचे तेवढेच उचलतील. ज्या बाईंना इतकी वर्षे ‘तू’ म्हटले त्यांना एकदम ‘तुम्ही’ म्हणू लागल्यावर त्यांना प्रथम अवघडल्यासारखे होईल. तेव्हा त्यांच्याशी आधी बोला, आणि मुलांनी काय म्हटलेले आवडेल ते त्यांनाच विचारा. काही जणींना मावशी हवे असते, काहींना ताई, काहींना नावापुढे लावलेले ताई. सख्ख्या मावशीलाही आपण ‘तू’ म्हणतो, असा बचाव काही घरांत ऐकू येतो. तो मला पटत नाही, कारण सख्ख्या मावशीला ‘तू’ म्हणताना आपण तिच्याकडे तोंड करून बोलतो, आणि तीही हक्काने आपले कान उपटू शकते. ज्यांना तसा हक्क नाही, त्यांना नुसते मावशी म्हटल्याने तो मिळत नाही.

मुलांना शिकवायचे ते मागण्याचे रूप. मराठीत विनंतीचा वेगळा शब्द रोजच्या बोलण्यात फारसा नाही, ‘कृपया’ हा शब्द पाट्यांवर आणि अर्जांत राहतो. आपली विनंती क्रियापदात असते. ‘बाटली दे’, ‘बाटली द्या’, ‘बाटली द्या ना’, ‘बाटली देता का?’, ‘हातातलं काम झालं की बाटली द्याल का?’ ही वाक्ये मुलांबरोबर एकदा मोठ्याने म्हणून पाहा आणि प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याला कसे वाटेल ते त्यांनाच विचारा. सहा वर्षांच्या मुलालाही शेवटच्या वाक्यातला फरक कळतो, कारण त्यात समोरच्या माणसाच्या हातात काही काम आहे याची दखल घेतलेली असते. आणि नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःची बाटली स्वतः घेता येते, हेही सांगायला हवे.

रखवालदारांचे नाव मुलांना माहीत आहे का? नसेल तर मुलांनीच जाऊन विचारावे : ‘काका, तुमचं नाव काय?’ ‘ए वॉचमन’ ही हाक गणवेशाला असते, तशीच ‘ए रिक्षा’ ही वाहनाला. ‘दादा, येता का?’ म्हणायला तेवढाच वेळ लागतो.

प्रश्न : मी बत्तीस वर्षांची आहे. खाली खेळणारी मुले मला ‘काकू’ म्हणतात. मला वाईट वाटते, पण तसे म्हणवत नाही. मुलांना काय शिकवले पाहिजे?

उत्तर : शंका असेल तेव्हा वयाने लहान धरून हाक मारावी, एवढे मुलांना सांगितले तरी पुरते, ताई म्हटल्याने सहसा कोणी दुखावत नाही, दादा म्हटल्यानेही नाही. ‘काकू’ या शब्दात वयाबरोबर लग्नाचाही अंदाज बांधलेला असतो आणि तो बांधण्याचे मुलांना काही कारण नाही. तुम्हीही संकोच न करता ‘मला ताई म्हणा रे’ असे हसून सांगावे. मुले याचे वाईट वाटून घेत नाहीत. कोणाला काय म्हणायचे हे कोणीतरी नक्की सांगितले की त्यांना सुटल्यासारखेच वाटते.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. शिक्षकांना मोबाइलवर संदेश पाठवताना तो ‘सर उद्या देतो’ एवढेच लिहितो. हा उद्धटपणा आहे का?

उत्तर : उद्धटपणा नाही, पण अपुरेपणा आहे. बोलताना आवाज, चेहरा आणि उभे राहण्याची पद्धत यांतून जो आदर पोहोचतो, तो लिहिताना शब्दांतूनच पोहोचवावा लागतो, आणि हे मुलांना कोणी समजावून सांगितलेले नसते. आपल्या जुन्या पत्रांत आईवडिलांना ‘तीर्थरूप’ आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहीत, त्यामागेही हेच भान होते. आज तो मायना मोबाइलवर लिहावा असे मी म्हणणार नाही. आधी नमस्कार, मग आपले नाव आणि वर्ग, मग कारण आणि शेवटी प्रश्न, इतके पुरे : ‘नमस्कार सर, मी (इथे आपले नाव), आठवी ब मधून. माझी वही घरी राहिली आहे. उद्या आणून दिली तर चालेल का?’ ‘देतो’ या शब्दात निर्णय मुलाने घेतलेला असतो, ‘चालेल का’ म्हटले की तो सरांकडे जातो. रात्री उशिरा संदेश पाठवू नये, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे.

प्रश्न : आम्ही मुलीला प्रत्येक अनोळखी पुरुषाला काका किंवा दादा म्हणायला शिकवले. ती आता आठ वर्षांची आहे आणि आम्हालाच भीती वाटू लागली आहे. काका म्हटले की तो आपला माणूस, असे तर तिला वाटणार नाही ना? मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये, हेही आम्हीच शिकवले आहे.

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. नात्याचा शब्द वापरायचा, पण त्या शब्दाबरोबर नात्याचे हक्क जात नाहीत, हे मुलीला उघडपणे सांगायला हवे. ‘आपण त्यांना काका म्हणतो ते बोलायची पद्धत म्हणून. ते आपल्या घरचे नाहीत. त्यांनी बोलावलं तरी जायचं नाही, दिलं तरी घ्यायचं नाही,’ अशा सरळ वाक्यांत सांगा. ‘मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये’ हे वाक्य मात्र आजच मागे घ्या. ज्या मुलीला नाही म्हणण्याची परवानगी नाही, तिची सभ्यता तिच्याच विरुद्ध वापरली जाऊ शकते.

आदर राखून नकार देता येतो आणि त्याचा सराव घरी करता येतो. ‘नाही काका, मी येणार नाही.’ ‘काका, मला हात लावू नका.’ ‘मी आईला विचारल्याशिवाय सांगणार नाही.’ ही वाक्ये तिला मोठ्या आवाजात, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून म्हणता येईपर्यंत म्हणवून घ्या. त्याबरोबर हेही सांगा की भीती वाटली तर तू-तुम्ही काहीही आठवायचे नाही. ओरडायचे, पळायचे, आणि त्याबद्दल घरी कोणीही रागावणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक तिला पाठ असू द्या.

याची खरी परीक्षा अनोळखी माणसांपेक्षा नातेवाइकांत होते. घरी आलेल्या मामांनी गालाचा पापा मागितला, मुलगी मागे सरली, आणि आपणच तिला ‘असं करू नये, मामा आहेत ते’ म्हणून पुढे ढकलले, तर वर शिकवलेले सारे त्या एका क्षणी वाहून जाते. तिने दुरूनच हात जोडून नमस्कार केला तर तेवढा आदर पुरेसा मानावा, आणि पाहुण्यांना तसे सांगण्याचे अवघड काम आपण करावे.

प्रश्न : आम्ही परदेशात राहतो. इथे मुले शिक्षकांना आणि शेजाऱ्यांना नावाने हाक मारतात. सुट्टीत भारतात आल्यावर आजीआजोबांशी बोलताना त्यांची फार ओढाताण होते. हिंदी बोलणाऱ्या नातेवाइकांशी तर आणखीच.

उत्तर : मुलांना दोन रीती शिकवायला घाबरू नका, ती दोन भाषा शिकतात तशाच दोन रीतीही शिकतात. ज्या इंग्रजी ‘यू’मुळे आपल्याला मुले सर्वांना एकाच मापाने मोजतात असे वाटते, तो शब्द मुळात अनेकवचनी, म्हणजे आपल्या ‘तुम्ही’सारखा होता, आणि एकेरी ‘दाऊ’ हळूहळू बोलण्यातून गेला. तेव्हा ती सर्वांना ‘तुम्ही’ म्हणतात असेही म्हणता येईल. स्वीडनमध्ये याच्या उलट घडले. १९६७ साली तिथल्या आरोग्य प्रशासनाचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपण सर्व सहकाऱ्यांना एकेरी ‘डू’ म्हणणार असल्याचे जाहीर केले, आणि पुढे थोड्याच काळात ती साऱ्या देशाची रीत झाली. तिथे ‘डू’ म्हणणारे मूल उद्धट ठरत नाही. म्हणून मुलांना सांगायचे ते एवढेच की ज्या माणसाशी बोलतो आहोत, त्याला काय म्हटलेले आवडते ते पाहावे किंवा विचारावे.

हिंदीत एक खाचखळगा आहे. मराठीतला ‘तुम्ही’ पुरेसा आदराचा आहे, पण हिंदीतला ‘तुम’ तसा नाही. तिथे वडीलधाऱ्यांना ‘आप’ लागते. मराठी मुले ‘तुम्ही’चे भाषांतर करून ‘तुम’ म्हणतात आणि समोरचा का दुखावला ते त्यांना कळत नाही. निघण्यापूर्वी एवढे सांगून ठेवा.

प्रश्न : मी सहावीत आहे. मोठ्यांना अहो म्हणायचं हे मला पटतं आणि मी म्हणतो. पण मोठी माणसं मला ‘ए पोरा’, ‘ए चष्मा’ अशी हाक मारतात. नाव कोणी विचारत नाही. आमचं चुकलं तर ओरडतात. त्यांचं चुकलं तर मी कोणाला सांगायचं?

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले. मोठ्यांनी तुला ‘तू’ म्हणण्यात काही गैर नाही, ते बहुतेक वेळा मायेने म्हणतात. पण डोळ्यांवरच्या चष्म्यावरून हाक मारणे ही चूकच आहे, आणि ती मोठ्या माणसाने केली म्हणून लहान होत नाही. पुढच्या वेळी कोणी ‘ए चष्मा’ म्हटले की थांब, त्यांच्याकडे वळ आणि नेहमीच्या आवाजात आपले पूर्ण नाव सांग : ‘काका, माझं नाव हे आहे.’ यात उद्धटपणा मुळीच नाही. बहुतेक माणसे ओशाळतील आणि नाव लक्षात ठेवतील. नाही ठेवले, तर आईबाबांना हे पान दाखव आणि त्यांच्याशी बोलायला त्यांना सांग. हे उत्तर वाचणाऱ्या मोठ्यांनाही माझी विनंती आहे की जिन्यात, अंगणात, वर्गाबाहेर जे मूल रोज दिसते, त्याचे नाव आज विचारून घ्यावे.

तुझ्या पत्राखाली नाव नव्हते, त्यामुळे मलाही तुला नुसते ‘तू’ म्हणावे लागले. पुढच्या पत्रात नाव लिही. छापणार नाही, पण मला ते माहीत असलेले आवडेल.